न प्यायलेल्या दारूचे बिल

पत्राचा सारांश : पत्रलेखक २७ वर्षांचे असून मूळचे इचलकरंजीचे आहेत. वडिलांचे सहा यंत्रमाग आहेत आणि ते व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतात, म्हणजे तिकडच्या भाषेत 'खर्चीवाले' आहेत. पत्रलेखक मुंबईत लोअर परळच्या एका जाहिरात कंपनीत काम करतात. हातात ६२,००० रुपये पगार येतो. त्यातून खोलीभाड्यातला स्वतःचा वाटा १७,००० रुपये, घरी पाठवायचे १२,००० आणि डबा, लोकल, फोन, वीज यांचे मिळून ९,००० जातात. ऑफिसातला सहा जणांचा गट दर शनिवारी रात्री एखाद्या नव्या, चर्चेतल्या रेस्टॉरंटमध्ये जेवतो. साधारण १५,६०० रुपयांचे बिल सहा जणांत सारखे वाटले जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला २,६०० येतात. पत्रलेखक दारू घेत नाहीत, पण जवळजवळ निम्मे बिल दारूचेच असते. याच गटात त्यांना स्ट्रीटवेअरचा नाद लागला : ओव्हरसाइझ टी-शर्ट, कार्गो पँट, मोजक्या संख्येने बाजारात येणारे स्नीकर्स. बुटांचे काही जोड तर अजून खोक्यातच आहेत, कारण 'भाव वाढला की विकता येतील'. क्रेडिट कार्डावर ९४,००० रुपये थकले आहेत आणि दरमहा फक्त किमान रक्कम भरली जाते. गणपतीत घरी गेल्यावर ४,५०० रुपयांचा टी-शर्ट त्यांनी वडिलांना ४५० चा सांगितला. वडिलांनी बाही चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "साडेचारशेला कापड बरं दिलंय." पत्रलेखकांचा प्रश्न असा : 'मी हा गट सोडावा का, की पगार वाढेपर्यंत तग धरावा? आणि मला हे सगळे खरोखर आवडते, की मी नुसता दिखावा करतो आहे?'

उत्तर :

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न तुम्हाला सर्वांत गंभीर वाटतो, हे त्याच्या मांडणीवरून कळते. मला मात्र तो सर्वांत कमी उपयोगाचा वाटतो. कपडा हा पूर्वीपासून चारचौघांत दिसण्यासाठीच घातला जातो. लग्नाला पैठणी नेसणारी बाई आणि सभेला कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जाणारे गावातले पुढारी यांना कोणी 'ही आवड की दिखावा' असे विचारत नाही, कारण त्यात दोन्ही असते आणि ते असण्यात कोणाला गैर वाटत नाही. तुम्ही कितीही अंतर्मुख होऊन उत्तर शोधलेत आणि ते 'निखळ आवड' असे निघाले, तरी कार्डावरचे ९४,००० तिथेच राहतात. 'निव्वळ दिखावा' असे निघाले, तरी त्यातला एक रुपया कमी होत नाही. तेव्हा हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू या.

पत्र पुन्हा वाचताना मला दुसरीच गोष्ट जाणवली. तुमचा खर्च जिथे जिथे हाताबाहेर गेला आहे, तिथे तिथे तुम्ही एखादे साधे वाक्य बोलायचे टाळले आहे. मित्रांना 'दारूचे वेगळे काढा' म्हणाला नाहीत, घरी टी-शर्टची खरी किंमत सांगितली नाहीत, बँकेला फोन केला नाहीत. आवडीचा खर्च त्या मानाने कमीच आहे.

शनिवारच्या बिलाचेच पाहा. १५,६०० मधले निम्मे, म्हणजे ७,८०० रुपये दारूचे धरले, तर उरलेल्या ७,८०० रुपयांच्या जेवणातला तुमचा वाटा १,३०० होतो. तुम्ही २,६०० देता. दर शनिवारी १,३०० रुपये जास्तीचे, महिन्याला चार शनिवार धरले तर ५,२००, आणि वर्षाला ६२,४००. तुमचा पगार ६२,००० आहे. याचा अर्थ वर्षातला एक अख्खा महिना तुम्ही न प्यायलेल्या दारूसाठी राबता. हा हिशेब तुम्ही स्वतः कधी मांडला नसेल असे मला वाटत नाही. मांडला असावा आणि मग घाईघाईने कागद चुरगाळून टाकला असावा.

हे दुरुस्त करणे तुम्हाला वाटते त्यापेक्षा सोपे आहे, कारण रेस्टॉरंटच्या बिलात ही फोड आधीच झालेली असते. मद्यावर जीएसटी लागत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट असतो. खाद्यपदार्थांवर साधारणपणे पाच टक्के जीएसटी असतो. त्यामुळे दोन्हींच्या बेरजा बिलावर वेगळ्या छापलेल्या असतात आणि काही ठिकाणी तर दोन स्वतंत्र बिलेच येतात. कोणी किती कबाब खाल्ले हे मोजत बसण्याची, म्हणजे ज्या प्रकाराला आपण कंजूषपणा म्हणतो तो करण्याची गरजच नाही. खाण्याची बेरीज सहा जणांत आणि दारूची बेरीज घेणाऱ्यांत वाटावी, इतके पुरे. हीच पद्धत थोड्या फरकाने श्रावण पाळणाऱ्या, सोमवार धरणाऱ्या किंवा मुळातच शाकाहारी असलेल्या आणि दर वेळी दुसऱ्याच्या कोळंबीचे पैसे मुकाट्याने भरणाऱ्या वाचकांनाही लागू पडते. अशा तक्रारीची पत्रे माझ्याकडे बरीच येतात, आणि गंमत अशी की त्यांतल्या बहुतेकांनी ती तक्रार मला कळवण्यापूर्वी मित्रांना कळवलेली नसते.

त्याच बिलात सेवाशुल्काची ओळ असेल तर तीही वाचत जा. रेस्टॉरंटने सेवाशुल्क आपोआप बिलात लावू नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या योग्य ठरवल्या. ते काढून घ्यायला सांगण्यात कमीपणा नाही. मात्र काढून घेतलेत, तर वाढणाऱ्या मुलाच्या हातात स्वतः काहीतरी ठेवा. दहा तास उभ्याने काम करणाऱ्या माणसावर आपला हिशेब चुकता करू नये.

आता मित्रांविषयी. 'गट सोडावा का' या तुमच्या प्रश्नामागे एक गृहीतक आहे : या मंडळींना तुम्ही हवे आहात ते बिलातल्या एक-षष्ठांशापुरते, आणि तो वाटा कमी झाला की तुमची खुर्चीही जाईल. पण हे कोणी म्हटल्याचे तुमच्या पत्रात कुठेही नाही. तुम्ही मनातल्या मनात त्यांच्यावर आरोप ठेवला, निकालही लावला आणि शिक्षा मात्र स्वतः भोगत आहात. गटात ज्याच्याशी तुमचे जास्त पटते अशा एकाला आधी सांगा, आणि ते शनिवारी टेबलावर बिल आल्यावर नको, सोमवार-मंगळवारी ऑफिसात चहा पिताना सांगा. 'माझ्यावर कार्डाचे कर्ज झाले आहे, वर्षभर मी महिन्यातून दोनदाच येईन, आणि दारूचे आपण वेगळे काढू या', एवढे सरळ बोलणे पुरते. कारणे रचू नका. पोट बिघडले, पाहुणे आले, डेडलाइन आहे, ही कारणे दोन महिन्यांत संपतात आणि मग लोकांना तुम्ही तुटक वाटू लागता. कर्ज आहे म्हणणाऱ्या माणसाविषयी कोणाचे असे मत होत नाही. झालेच, आणि कोणी टोमणे मारलेच, तर गट सोडण्याचा प्रश्न तेव्हा विचारात घेऊ, आणि तेव्हा तो तुम्हाला इतका अवघडही वाटणार नाही.

जागा सुचवण्याची पाळी तुम्हीही घ्या. सध्या ती तुम्ही इतरांवर सोडलेली दिसते, आणि जो जागा निवडतो तोच इतरांचाही खर्च ठरवतो. चर्चेतल्या अनेक रेस्टॉरंटांत आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी ठरावीक दराचे जेवण मिळते आणि ते रात्रीच्या मानाने बरेच स्वस्त पडते. तुमचे ऑफिस लोअर परळात, अशा रेस्टॉरंटांच्याच भागात आहे. तोच आचारी, तेच स्वयंपाकघर, आणि दुपारची वेळ असल्याने दारूही कमी.

तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे की वडील म्हणतात, 'आपल्यात बाहेर खायची पद्धत नाही.' वडिलांचा मान राखून मला याला थोडा विरोध नोंदवायचा आहे, कारण तुम्ही जिथे जेवता त्या परिसरात मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच जेवला आहे. कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून आलेले गिरणी कामगार बायको-मुले गावी ठेवून एका खोलीत दहा-दहा जण राहत आणि चाळीतल्या बाईच्या खाणावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवत. या खाणावळवाल्या सावकारी व्याजात अडकलेल्या असत. त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या एकेक करून थंडावल्या, आणि कापड विणण्याचे काम भिवंडी, मालेगाव आणि तुमच्या इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे आणखी सरकले. आज लोअर परळच्या कमला मिल्स या जुन्या गिरणीच्या आवारात रेस्टॉरंटे आहेत. 'द बॉम्बे कॅन्टीन' तिथे २०१५ मध्ये सुरू झाले आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतले पदार्थ नव्या पद्धतीने मांडण्यासाठी नावाजले गेले. तिथे बसलेला खर्चीवाल्याचा मुलगा काही परका नव्हे. त्या टेबलावर तुमचा हक्क इतर पाच जणांहून काकणभर अधिकच आहे. फक्त दर शनिवारी आणि उधारीवर तो बजावायची गरज नाही.

स्ट्रीटवेअरकडे वळू. या कपड्यांची मुळे अगदी साध्या लोकांत आहेत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात शॉन स्टुसी लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या बनवत असत आणि त्यांवरची आपली सही टी-शर्टांवरही उमटवून विकू लागले. १९९३ मध्ये टोकियोच्या हाराजुकू भागात निगो यांनी 'अ बेदिंग एप' हा कपड्यांचा ब्रँड काढला आणि १९९४ मध्ये जेम्स जेबिया यांनी न्यूयॉर्कच्या लाफायेट स्ट्रीटवर स्केटबोर्डवाल्या पोरांसाठी 'सुप्रीम'चे दुकान थाटले. माल थोडा काढायचा, ठरलेल्या दिवशी काढायचा, आणि तो संपला की संपला, ही पद्धत अशा दुकानांतून पक्की झाली. तुम्ही ज्याला 'ड्रॉप' म्हणता तो हाच. त्यातली टंचाई कापसाची किंवा कारागिरांची नाही, ती नियोजनपूर्वक केलेली आहे. तुमच्या मोबाइलवर 'शेवटचे काही जोड शिल्लक' असे दिसते तेव्हा छातीत जी धडधड होते, ती व्हावी म्हणून पगार घेऊन काम करणारी माणसे असतात. तुम्ही जाहिरात क्षेत्रात आहात, तेव्हा हे मी तुम्हाला शिकवायला नको.

'भाव वाढला की विकू' या भरवशावर तर अजिबात राहू नका. ज्या कंपनीने टंचाई विकूनच नाव कमावले, त्या सुप्रीमला व्हीएफ कॉर्पोरेशन या कपड्यांच्या मोठ्या कंपनीने २०२० मध्ये २१० कोटी डॉलरला विकत घेतले आणि २०२४ मध्ये १५० कोटी डॉलरला एसिलोरलक्झॉटिका या चष्म्यांच्या कंपनीला विकून टाकले. मोठ्या उद्योगाला ज्या मालात खोट आली, त्यात तुमच्या पलंगाखालच्या खोक्यांनी नफा द्यावा ही अपेक्षा जरा धाडसाची आहे. नायकीचा काळा-पांढरा 'पांडा डंक' हा बूट आठवा. सुरुवातीला लोक त्यासाठी छापील किमतीच्या कितीतरी वर पैसे मोजत होते, मग कंपनीने तोच बूट पुन्हा पुन्हा बाजारात आणला आणि वरकड भाव विरून गेला.

दुसरी अडचण मुंबईच्या हवेची. अनेक स्नीकर्सच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा फेस असतो. दमट हवेतल्या पाण्याच्या अंशाने तो हळूहळू विघटित होतो आणि काही वर्षांनी बूट पायात घालताच तळवा भुगा होऊन खाली पडतो. वापरात असलेल्या बुटापेक्षा वर्षानुवर्षे खोक्यात बंद असलेल्या बुटाला हा धोका जास्त. वरच्या स्वेडवर, म्हणजे मऊ लवदार चामड्यावर, पावसाळ्यात बुरशी येते ती वेगळीच. म्हणून खोक्यातले जोड या महिन्यात बाहेर काढा. जे घालायचे आहेत ते घाला. बाकीचे, खरेदीची पावती आणि मूळ खोके हाताशी आहे तोवर, मिळेल त्या रास्त किमतीला विका आणि आलेली रक्कम त्याच दिवशी कार्डात भरा. पडून राहिली तर पुढच्या ड्रॉपमध्ये जाईल.

खरेदी पूर्ण थांबवा असे मी सांगणार नाही, कारण तसा उपवास फार दिवस टिकत नाही आणि मोडला की माणूस दुप्पट खातो. पण तुमच्याकडे एक दृष्टी आहे जी तुमच्या गटात बहुधा कोणाकडे नसेल, आणि ती तुम्ही लपवून ठेवली आहे. कापडावर भिंग ठेवून इंचातले धागे मोजणाऱ्या, मीटरमागे पैशांत मजुरी ठरणाऱ्या घरात तुम्ही वाढलात. टी-शर्टचे कापड विणकामाच्या मागावरचे नसून होजिअरीचे असते हे तुम्हाला ठाऊक आहे. २४० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला २४० ग्रॅम, आणि जाड कापड म्हणजे चांगले कापड असे नव्हे, हेही तुम्ही जाणता. पुढचा टी-शर्ट घेताना तो आधी उलटा करा. खांद्याच्या शिलाईला आतून पट्टी लावली आहे का, गळ्याची ताणली जाणारी पट्टी (रिब) ओढून सोडल्यावर जागेवर येते का, बाजूची शिलाई पिळवटली आहे का, ते पाहा, आणि मग छातीवरचे नाव वाचा. या क्रमाने पाहू लागलात तर ४,५०० च्या अनेक टी-शर्टांवरून तुमचा हात आपोआप मागे येईल, आणि एखादा मनापासून पटला तर तो घेताना अपराधीही वाटणार नाही. फॅशन स्ट्रीटवर किंवा लिंकिंग रोडवर निर्यातीतून उरलेल्या मालाच्या ढिगातही हीच नजर उपयोगी पडते. तिथे तर तीच लागते.

यावरूनच वडिलांच्या त्या वाक्याकडे येतो. ज्यांचे आयुष्य कापडाच्या दरात गेले, त्यांना साडेचारशेचे कापड आणि त्याहून महागडे कापड यांतला फरक चिमटीत कळला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. बहुधा त्यांना कळले आणि त्यांनी तुम्हाला सांभाळून घेतले. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा खरी किंमत सांगून टाका, आणि त्यांना विचारा की हे विणायला, रंगवायला, शिवायला प्रत्यक्षात किती खर्च येत असेल. ते रागावतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. पण नंतर जो हिशेब ते मांडून दाखवतील, तो तुम्हाला कुठल्याही सल्ला सदरात मिळणार नाही. कर्जाचा आकडा मात्र तुम्ही फेडीची योजना ठरवल्यावरच सांगा. योजना नसलेले कर्ज आई-वडिलांना सांगणे म्हणजे ते त्यांच्या डोक्यावर ठेवणे, आणि तुमचे वडील घरातले काहीतरी मोडून ते फेडायला निघतील अशी मला भीती वाटते.

ती योजना अशी. क्रेडिट कार्डाचा व्याजदर कार्डागणिक बदलतो. महिन्याला साडेतीन टक्के धरला, तर ९४,००० वर महिन्याचे व्याज ३,२९० रुपये होते, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ते सुमारे ३,८८० वर जाते. किमान रक्कम पाच टक्के धरली तर तुम्ही ४,७०० भरता. म्हणजे मूळ कर्ज महिन्याला जेमतेम ८२० रुपयांनी उतरते, आणि शनिवारचे एक जेवण त्याच कार्डावर झाले की ते पुन्हा चढते. शिवाय थकबाकी पुढे ओढली जात असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. पगार वाढेपर्यंत तग धरण्याचा तुमचा दुसरा पर्याय इथेच बाद होतो.

त्याऐवजी पगार जमा होतो त्या बँकेकडून वर्षभराचे वैयक्तिक कर्ज घेऊन कार्ड एकरकमी फेडा. वार्षिक १५ टक्के दर धरला तर ९४,००० रुपयांचा हप्ता साधारण ८,५०० पडतो आणि पूर्ण वर्षाचे व्याज ७,८०० च्या आसपास होते. सध्या कार्ड तेवढेच व्याज दोन महिन्यांत घेते आहे. ठरलेले खर्च वजा जाता तुमच्याकडे २४,००० उरतात. हप्ता गेल्यावर १५,५०० राहतील. त्यातले ५,००० अडीनडीसाठी बाजूला टाका. उरलेल्या दहा हजारांत महिन्याची दोन जेवणे, आणि दोन-तीन महिन्यांनी मनासारखा एखादा कपडा, हे सहज बसते. कार्ड बंद करू नका, पण वर्षभर ते खोलीवरच्या कपाटात ठेवा, आणि खरेदीच्या ज्या ज्या ॲपमध्ये त्याचा क्रमांक साठवलेला आहे तिथून तो काढून टाका.

बँकेत बोलताना व्याजदर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा आकार या तीन गोष्टी लेखी मागून घ्या. बूट विकून पैसे आले तर तुम्हाला मुदतीआधीच फेडायचे असेल, म्हणून तिसरी विसरू नका. कार्डाची कंपनीही 'थकबाकीचे हप्ते करून देतो' असा फोन करील. तो दर महिन्याचा आहे की वर्षाचा, एवढे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.